सातशे सिनेमे, एक ओळखीचा चेहरा: किम ही-गाप यांची गोष्ट

नेहमीसारखा हा आपल्या एपिसोडचा लेखी अवतार. ज्यांना ऑफिसात इअरफोन लावता येत नाहीत, किंवा ज्यांना माझा आवाज दीडपट स्पीडवरही सहन होत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना जिथे गाडी घसरली होती तिथे थोडं नीट केलंय, बाकी जसं बोललो तसंच.

के-ड्रामा बघणाऱ्यांना हा अनुभव नक्की असेल. नवी सिरीज लावली, पाच मिनिटं झाली, आणि एक काका पडद्यावर आले. तुम्ही लगेच म्हणता, "अरे, हे तर त्या दुसऱ्या सिरीजमध्ये हिरॉईनचे बाबा होते!" नाव माहीत नसतं. पण चेहरा दिसला की बरं वाटतं. घरचं कुणीतरी आल्यासारखं.

आजचा एपिसोड अशाच एका चेहऱ्यावर आहे, फक्त साठ-सत्तर वर्षं मागचा. नाव किम ही-गाप. कोरियन सिनेमाच्या सुवर्णकाळातले विनोदी नट. कधी शेजारी, कधी दुकानदार, कधी बाप, कधी नुसतंच येऊन हसवून जाणारा माणूस. किती सिनेमे केले? कोरियात साधारण सातशे हा आकडा सांगितला जातो. हो, सातशे.

पण मी हा एपिसोड आकड्यासाठी केला नाही. या माणसाच्या आयुष्यात आठ वर्षांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. 1959 मध्ये सत्तेच्या मर्जीतल्या एका गुंडाने मारून त्यांच्या बरगड्या मोडल्या. आणि 1967 मध्ये पुढच्या राजवटीने याच माणसाला मध्यभागी ठेवून एक सिनेमा काढला, जो तुफान चालला. एकदा ठोसा, एकदा हार. मला वाटतं दोन्हीमागे भूक एकच होती. ती कसली, ते बघू.

आधी माणूस समजून घेऊ

सर्च करायला गेलात तर पहिली अडचण नावाचीच येईल. रोमन लिपीत हे नाव तीन-चार पद्धतीने लिहितात आणि प्रत्येक स्पेलिंगला वेगळे रिझल्ट येतात. त्यात भर म्हणजे याच नावाचा एक प्रसिद्ध कोरियन संगीतकारही आहे. डेटा साफ करणं हे माझं रोजचं काम असल्यामुळे मला याची सवय आहे, पण खरं सांगतो, हिरोंच्या बाबतीत एवढी खटपट करावी लागत नाही. त्यांची नोंद सगळे नीट ठेवतात. दुय्यम भूमिका करणाऱ्यांची यादी मात्र कुठे अर्धी, कुठे डबल.

तर, जन्म 1923 चा. गाव दक्षिण हामग्योंग प्रांतात. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. हा प्रांत आज उत्तर कोरियात आहे. 1950 च्या हिवाळ्यात अमेरिकन सैन्य आणि चिनी सैन्य यांच्यात चांगजिन जलाशयापाशी जी गोठवणारी लढाई झाली, ती याच प्रांतात. 1945 मध्ये जपानी राजवट संपली, देशाचे दोन तुकडे झाले आणि किम दक्षिणेत आले.

तिथे त्यांनी सुरुवात केली ती फिरत्या संगीत-नाटक मंडळ्यांमधून. त्या काळी कोरियात अशा मंडळ्यांचं मोठं पेव होतं. थोडं नाटक, थोडी गाणी, मध्ये नकला, परत गाणी. गावोगाव तंबू किंवा मिळेल ते थिएटर. किम यांची खासियत म्हणजे गाजलेल्या गायकांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल. प्रेक्षक समोर बसलेला, आवडलं नाही तर तोंडावर सांगणारा. रिटेक नाही. जो या शाळेतून बाहेर पडला, त्याला कॅमेऱ्याची भीती वाटत नाही.

लोकांनी त्यांना टोपणनाव दिलं 'हाप्जुगी'. मराठीत याला चपखल शब्द आहे: बोळक्या. दात पडल्यावर तोंड जसं आत बसतं, तसं तोंड. आता गंमत बघा, हे नाव पडलं तेव्हा माणूस तरुण होता. पण गाल आत ओढून तोंडाचं बोळकं केलं की क्षणात म्हातारा. हा चेहराच त्यांचं भांडवल होता. तिशीत आणि चाळिशीत ते आजोबा म्हणून सहज खपून गेले.

सातशे सिनेमे होतात कसे?

हा प्रश्न मला सगळ्यात आधी पडला. वर्षाला चाळीस-पन्नास सिनेमे हे कॅलेंडरच्या हिशेबात बसत नाही. मग कळलं की तेव्हाच्या इंडस्ट्रीची रचनाच तशी होती.

कोरियन युद्ध थांबलं 1953 मध्ये. सोल शहर उद्ध्वस्त. 1954 मध्ये सिंगमन री यांच्या सरकारने देशी सिनेमाच्या तिकिटावरचा कर माफ केला. पुढच्याच वर्षी 'चुनह्यांग' या लोककथेवरचा सिनेमा जोरात चालला आणि पैसेवाल्यांच्या डोक्यात दिवा पेटला. वर्षाला जेमतेम पंधरा-वीस सिनेमे बनायचे, ते 1959 पर्यंत शंभरावर गेले. सोलमधला चुंगमुरो हा भाग सिनेमावाल्यांचा अड्डा झाला. आजही कोरियात 'चुंगमुरो' म्हटलं की सिनेसृष्टी असाच अर्थ होतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. तेव्हाच्या बहुतेक सिनेमांत शूटिंगच्या वेळी आवाज रेकॉर्ड होतच नसे. नंतर स्टुडिओत डबिंग व्हायचं आणि बऱ्याचदा ते वेगळेच आवाज-कलाकार करायचे. म्हणजे नटाने सेटवर यायचं, तोंड हलवायचं, हावभाव द्यायचे आणि पुढच्या सेटवर पळायचं. सकाळी एका सिनेमात पोलीस, दुपारी दुसऱ्यात दारुडा, रात्री तिसऱ्यात सासरा. हिरोसुद्धा यातून सुटले नव्हते. शिन सोंग-इल हा साठच्या दशकातला सुपरस्टार, त्याचे एकट्या 1967 या वर्षात पन्नासच्या आसपास सिनेमे आले.

अशा कारखान्यात लेखकाला पात्र उभं करायला वेळ कुठून मिळणार? तिथे किम यांच्यासारखा नट म्हणजे तयार मसाला. तो दारातून आत आला की प्रेक्षकाला सगळं कळतं: माणूस भला आहे, जरा बावळट आहे, बायकोला घाबरतो, पण वेळेला धावून येतो. संवादाची गरजच नाही. दहा-पंधरा वर्षं दर महिन्याला तो चेहरा दिसत राहिला की तो आपल्या घरातला होतो. तुमच्या-माझ्यासाठी जे मोबाईलवर सतत दिसणाऱ्या चेहऱ्यांचं होतं, तेच.

आणि सत्तेला नेमका हाच विश्वास हवा असतो. विकत मिळाला तर विकत, नाहीतर हिसकावून.

ठोसा

आता आपण 1959 मध्ये आलो. राष्ट्राध्यक्ष सिंगमन री, वय ऐंशीच्या पुढे, पक्षाचं नाव लिबरल पार्टी. निवडणूक पुढच्या वर्षी. आणि सिनेमाच्या जगात हुकूम चालायचा इम ह्वा-सू या माणसाचा.

इम कोण? मूळचा रस्त्यावरचा गुंड. सोलमधल्या एका थिएटरच्या धंद्यातून वर आला, थिएटरचा मालक झाला, मग स्वतःची मनोरंजन कंपनी काढली. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सबरोबर त्याने संयुक्त सिनेमासुद्धा काढला, म्हणजे धंद्याची अक्कल होती. पण खरी ताकद दोन जागांवरून यायची. एक, सोलच्या दोंगदेमुन भागातली टोळी, जिचा म्होरक्या होता ली जंग-जे. नाव ओळखीचं वाटलं ना? 'स्क्विड गेम'वाला ली जंग-जे वेगळा, फक्त नावात साम्य. दुसरी ताकद म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षाप्रमुखापर्यंत थेट ओळख. इम 'कम्युनिस्टविरोधी कलाकार संघ' नावाच्या संघटनेचा प्रमुख होता. नाव भारदस्त, काम सरळ: नट-नट्यांना पक्षाच्या कार्यक्रमांना उभं करायचं.

1959 मध्येच त्याच्या कंपनीने तरुण सिंगमन री यांच्यावर सिनेमा काढला. दिग्दर्शक शिन सांग-ओक, री यांच्या भूमिकेत किम जिन-ग्यू. दोघंही त्या काळातले सर्वांत मोठे कलावंत. यावरून अंदाज येईल की इमला 'नाही' म्हणणं किती जणांना परवडत असेल.

त्याच वर्षाच्या अखेरीस इमने किम ही-गाप यांना मारहाण केली. इमला हव्या असलेल्या कामाला ते उभे राहिले नाहीत, एवढंच निमित्त. मारहाण इतकी की बरगड्या मोडल्या.

ही बातमी पेपरात आली आणि लोक भडकले. इथे जरा थांबून विचार करा. त्या काळात सोलमध्ये गुंडगिरीची बातमी काही नवी नव्हती. विरोधी पक्षाच्या सभेवर गुंड सोडले जायचे, लोक बघायचे, मनात शिव्या द्यायचे आणि घरी जायचे. पण या वेळी मार खाल्लेला माणूस कुठला पुढारी नव्हता. आदल्या रविवारी ज्याला बघून सगळं घर हसलं होतं, तो होता. राजकारण काय चाललंय हे ज्यांना समजत नव्हतं किंवा समजून घ्यायचं नव्हतं, त्यांनाही एवढं नक्की कळलं: बोळक्याला मारलं. का मारलं? तो आला नाही म्हणून.

इमचं वजन मात्र तेवढ्याने संपलं नाही. 15 मार्च 1960 ला निवडणूक झाली, उघड उघड लुबाडलेली. मासान शहरात लोक रस्त्यावर उतरले. 11 एप्रिलला किम जू-योल या शाळकरी मुलाचं प्रेत मासानच्या समुद्रात सापडलं, डोळ्यात अश्रुधुराचं नळकांडं घुसलेलं. 18 एप्रिलला कोरिया विद्यापीठाचे विद्यार्थी मोर्चाहून परतत असताना सत्तेच्या पाळीव गुंडांनी त्यांच्यावर हल्ला केला, आणि या हल्ल्यामागे जी नावं घेतली गेली त्यात इम ह्वा-सू होता. दुसऱ्या दिवशी, 19 एप्रिलला, सगळं सोल रस्त्यावर. पोलिसांनी गोळ्या घातल्या. 26 तारखेला री यांनी राजीनामा जाहीर केला.

ज्यांना हा काळ सिनेमातून बघायचा आहे त्यांनी 'द प्रेसिडेंट्स बार्बर' बघा, 2004 चा. 'पॅरासाइट'वाला सोंग कांग-हो त्यात राष्ट्राध्यक्षांचा न्हावी आहे. लुबाडलेली निवडणूक, एप्रिलचा उठाव, मग लष्कर, सगळं एका साध्या माणसाच्या नजरेतून दिसतं.

कारण पुढे लष्करच आलं. 16 मे 1961 ला जनरल पार्क चुंग-ही यांनी सत्ता घेतली. पाच दिवसांत गुंडांची सोलच्या रस्त्यांवरून धिंड निघाली, अंगावर फलक, सगळ्यात पुढे ली जंग-जे. त्याला ऑक्टोबरमध्ये फाशी झाली. 21 डिसेंबर 1961 ला इम ह्वा-सूलाही फासावर चढवलं. त्याच दिवशी, त्याच राजवटीने, चो योंग-सू नावाच्या तरुण पत्रकारालाही फाशी दिली. गुंड आणि पत्रकार एकाच दिवशी. पुढची अठरा वर्षं कशी असणार, हे तिथेच लिहिलेलं होतं.

अंडीवाला

या सगळ्या धामधुमीत, त्याच 1961 साली, किम ही-गाप यांचा माझा सगळ्यात आवडता रोल आला. सिनेमाचं नाव इंग्रजीत 'माय मदर अँड हर गेस्ट'. दिग्दर्शक पुन्हा शिन सांग-ओक.

गोष्ट छोटीशी आहे. एक घर, घरात सगळ्या विधवा. सासू विधवा, सून विधवा, मोलकरीणसुद्धा विधवा. आणि सुनेची लहान मुलगी ओक-ही, जी आपल्याला गोष्ट सांगते. घरात एक चित्रकार भाडेकरू म्हणून येतो. त्याचं आणि त्या तरुण विधवेचं मन जुळतं, पण दोघं बोलत नाहीत. बघतात, थांबतात, गप्प बसतात. खानदानी घर, लोक काय म्हणतील.

पाहुण्याला उकडलेली अंडी आवडतात. मग घरात अंडी जास्त लागायला लागतात. म्हणून अंडीवाला वरचेवर येतो. तो अंडीवाला म्हणजे किम ही-गाप. आणि मोलकरीण आहे दो गुम-बोंग, तीही जबरदस्त नटी. आता बघा, माजघरात मालकीण आणि पाहुणा महिनोन्महिने एक वाक्य बोलू शकत नाहीत, आणि इकडे मागच्या अंगणात अंडी मोजता मोजता या दोघांचं जमतं. चेष्टा करतात, चिडवतात, पुढे जातात आणि लग्नही करतात.

पहिल्यांदा बघताना वाटतं, हा कॉमेडी ट्रॅक आहे, हसा आणि सोडून द्या. पण शेवट बघितल्यावर कळतं की सिनेमाचा मुद्दा याच जोडीत दडलाय. हिरो-हिरॉईनला जे जमलं नाही, ते अंडीवाल्याला आणि मोलकरणीला जमलं. त्यांच्याकडे गमवायला अब्रू नावाची वस्तू कमी होती, म्हणून धैर्य जास्त होतं. किम हे भाषण देऊन सांगत नाहीत. टोपली खाली ठेवताना जरा जास्त वेळ घेतात, एवढंच. दुय्यम नटाची जागा कुठे असते आणि तिथून तो काय करू शकतो, हे बघायचं असेल तर हे प्रसंग बघा.

पुढच्या वर्षी, 1962 मध्ये, त्यांना मुख्य भूमिका मिळाली. गावाकडचा एक म्हातारा मास्तर आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटायला सोलला येतो, असा तो सिनेमा. वय वर्षं एकोणचाळीस, भूमिका म्हाताऱ्याची. एक भला म्हातारा प्रवासाला निघतो आणि त्याच्या नजरेतून आपण बदललेला देश बघतो. हा साचा लक्षात ठेवा. पाच वर्षांनी तो सरकारच्या कामी येणार आहे.

हार

पार्क चुंग-ही यांच्या राजवटीला सिनेमाची ताकद इमपेक्षा जास्त कळली होती. सत्ता घेतल्यावर महिनाभरात सरकारी चित्रपट निर्मिती केंद्र उभं राहिलं. जानेवारी 1962 मध्ये सिनेमाचा कायदा आला. लहान-मोठ्या कंपन्या एकत्र करून मोजक्याच ठेवल्या. 1963 मध्ये कायदा बदलून कंपन्यांना अट घातली: वर्षाला किमान पंधरा सिनेमे काढा, नाहीतर परवाना जाईल. आता कळलं सातशेचा आकडा कुठून येतो? दुय्यम नट सेटवरून सेटवर पळत होते, त्यामागे सरकारी कोटासुद्धा होता. थिएटरमध्ये मुख्य सिनेमाआधी सरकारी बातमीपट दाखवणं सक्तीचं होतं. पण बातमीपटाची एक अडचण असते: लोक त्या वेळात बाहेर जाऊन शेंगदाणे घेऊन येतात.

मग 1967 मध्ये आला 'पाल्दो गांगसान'. दिग्दर्शक पे सोक-इन, हे त्याच सरकारी केंद्राचे. पाल्दो म्हणजे आठ प्रांत, गांगसान म्हणजे नद्या-डोंगर. सोलमधला एक म्हातारा वैद्य आणि त्याची बायको, मुली लग्न होऊन देशभर विखुरलेल्या. दोघं ठरवतात, चला, सगळ्या लेकी-जावयांना भेटून येऊ. वैद्य किम ही-गाप, बायको ह्वांग जोंग-सुन, जिला पुढे सगळा कोरिया 'आपली आई' म्हणू लागला.

मग प्रवास सुरू. एका जावयाकडे कारखाना, दुसरीकडे बांधकाम, तिसरीकडे बंदर. म्हातारा-म्हातारी तोंडात बोट घालून बघतात, "केवढं बदललं सगळं!" पूर्व किनाऱ्यावर सोक्चोला एक लेक गरिबीत आहे, तिथे डोळ्यात पाणी. मध्ये गाणी, मध्ये नवरा-बायकोची भांडणं. जावयांमध्ये आणि लेकींमध्ये त्या काळातले सगळे मोठे तारे. त्यातली एक मजा सांगतो: जावई झालेले किम जिन-ग्यू आणि सासरे झालेले किम ही-गाप हे साधारण एकाच वयाचे! बोळक्या तोंडाची करामत.

सिनेमा लागला वर्षाच्या सुरुवातीला. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती 3 मे 1967 ला. हा निवडणुकीचा प्रचार आहे, असा आरोप तेव्हाच झाला आणि तो उगाच नव्हता. पण फक्त प्रचार असता तर लोक गेले नसते. एकट्या सोलमध्ये तीन लाखांहून जास्त तिकिटं खपली. दुसऱ्या वर्षी पुढचा भाग आला, त्यात म्हातारा परदेशात पसरलेल्या कोरियन माणसांना भेटायला निघतो. मग 1971, मग 1972. 1974-75 मध्ये केबीएसवर याच कल्पनेची रोजची मालिका आली आणि आई-बाप तेच राहिले, किम आणि ह्वांग.

मी हा सिनेमा बघताना सतत एकच गोष्ट तपासत होतो: कुठे खोटं वाटतंय? कारखान्याचे शॉट खोटे नाहीत, ते कारखाने खरंच उभे राहिले होते. युद्धानंतर चौदा वर्षांत त्या देशाने जे केलं ते खरंच थक्क करणारं आहे. आणि किम यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्यही खोटं वाटत नाही. म्हणूनच हा सिनेमा बातमीपटाहून शंभरपट प्रभावी आहे. यात खोटं सांगितलेलं नाही, काही गोष्टी फक्त वाटेत लागत नाहीत. त्या कारखान्यात बारा-चौदा तास राबणाऱ्या मुली म्हाताऱ्याला भेटत नाहीत. तुरुंगातला विद्यार्थी कुणाचाच जावई नाही.

आठ प्रांत की पाच?

आणि आता सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेलं ते प्रांताचं नाव.

कोरियाचे आठ प्रांत ही जुनी, राजेशाहीच्या काळातली कल्पना. 'पाल्दो' म्हटलं की अख्खा देश. या आठांपैकी तीन प्रांत, म्हणजे प्योंगान, ह्वांगहे आणि हामग्योंग, फाळणीनंतर मुख्यतः उत्तरेकडे राहिले. म्हणजे सिनेमाचं नाव 'आठ प्रांतांचे नद्या-डोंगर', पण म्हाताऱ्याची गाडी तिकडे जाऊच शकत नव्हती. आणि तो म्हातारा साकारणारा माणूस स्वतः हामग्योंगचा.

संपूर्ण देशाला 'चला, आपला मुलूख बघून येऊ' म्हणणारा चेहरा ज्याचा होता, त्याचं स्वतःचं गाव त्या नकाशातून वगळलेलं होतं. 1953 नंतर सीमेपलीकडे पत्र जात नव्हतं, फोन जात नव्हता. त्यांच्या पिढीतल्या लाखो माणसांची हीच कथा. सिनेमा बघायला रांगेत उभ्या असलेल्यांमध्येही असे कितीतरी असणार, ज्यांच्या लेकी-बहिणी तिकडे राहिल्या होत्या. पडद्यावर एक म्हातारा आपल्या सगळ्या मुलींना, एकीलाही न वगळता, भेटून येतो. ज्यांना कुणालाच भेटता येत नाही, त्यांनी ते बघून रडायचं नाही तर काय करायचं? सरकारला यातून विकास दाखवायचा होता. लोकांनी त्यात आपलं तुटलेलं घर पाहिलं असेल, तर तिकिटाचे पैसे वसूल.

मग त्यांनी 'नाही' म्हणायला हवं होतं का?

एपिसोडच्या तयारीत एका मित्राने मला हे थेट विचारलं. म्हणाला, "एका सरकारच्या गुंडाला नाही म्हणालेला माणूस दुसऱ्या सरकारचा पोस्टर बॉय झाला. यात हिरो कुठाय?"

मी त्याला म्हटलं, हिरो नाहीच आहे. म्हणून तर हा एपिसोड करतोय. हिरोंच्या गोष्टीत निवड स्पष्ट असते. सातशे सिनेमे करणाऱ्या माणसाची रोजची निवड म्हणजे उद्या सकाळी कुठल्या सेटवर जायचं. 1967 मध्ये मोजक्या कंपन्यांच्या हातात सगळं काम, त्या कंपन्यांचा परवाना सरकारच्या हातात, आणि समोर आलेली भूमिका आयुष्यातली सगळ्यात मोठी. प्रेमळ बापाची. कुणाला मारायचं नाही, कुणाविरुद्ध बोलायचं नाही. फक्त प्रवासाला जायचं आणि हसायचं. मला कुणी असं काम दिलं तर मी किती वेळ विचार करीन, हे मी स्वतःलाच विचारलं. उत्तर फार अभिमानाचं नाही.

इम ह्वा-सूला वाटलं, चेहरा मारून ताब्यात घेता येतो. त्यामुळे तो फसला: मार खाल्लेला चेहरा लोकांचा झाला. पुढच्या राजवटीने चूक सुधारली. चेहऱ्याला हात लावला नाही, त्याला मध्यभागी बसवला, चांगला कॅमेरा दिला, चांगली गाणी दिली. मार खाताना लोक चिडतात. हार घातल्यावर लोक टाळ्या वाजवतात. मला विचाराल तर दुसरी पद्धत जास्त जपून बघायला हवी, कारण तिच्यात मोडलेल्या बरगड्या कुणाला दिसत नाहीत.

आणि हे फक्त कोरियाचं किंवा फक्त सरकारांचं नाही. रोज रात्री आपण ज्या हसऱ्या, निरुपद्रवी चेहऱ्यांचे रील्स बघतो, त्यांच्यावर आपला विश्वास बसतो तो अगदी असाच, थोडा थोडा, न कळत. तो चेहरा एखाद्या दिवशी आपल्याला कुठेतरी फिरवून आणतो. तेव्हा मजा जरूर घ्यावी, पण गाडी कुठल्या रस्त्याने जात नाहीये, तेही बघावं.

पुढे काय झालं

सत्तरच्या दशकात टीव्ही घराघरात आला आणि कोरियन सिनेमाची गर्दी ओसरली. 1969 च्या आसपास वर्षाला दोनशेवर सिनेमे बनत होते, तो आकडा पुढे खूप खाली आला. किम यांच्या पिढीतले बरेच नट टीव्हीकडे वळले, तेही वळले. 18 मे 1993 ला त्यांचं निधन झालं. पार्क यांची राजवट 1979 मध्ये गोळीने संपली होती, मग दुसरं लष्कर आलं, मग 1987 मध्ये लोक पुन्हा रस्त्यावर उतरले. किम गेले त्या वर्षी दक्षिण कोरियात तीस वर्षांनी प्रथमच लष्कराबाहेरचा निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष खुर्चीवर बसलेला होता. इतक्या राजवटी एका बोळक्या तोंडाने पाहिल्या.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. कोरियन फिल्म आर्काइव्हचं यूट्यूबवर जुन्या सिनेमांचं चॅनल आहे, इंग्रजी सबटायटल्ससह, फुकट आणि कायदेशीर. तिथे 'माय मदर अँड हर गेस्ट' बघा. ब्लॅक अँड व्हाईट आहे म्हणून पळू नका, पहिली दहा मिनिटं द्या. आणि अंडीवाला आला की स्क्रीनच्या मध्यभागी बघू नका, कोपऱ्यात बघा. तो टोपली कशी धरतो, दारात किती वेळ रेंगाळतो, ते बघा. मग मला कळवा, हसू आलं की नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये शिन सांग-ओक आणि चोय उन-ही. दिग्दर्शक आणि नटी, घटस्फोट झालेले नवरा-बायको, 1978 मध्ये दोघांना उत्तर कोरियाने पळवून नेलं आणि तिथे सिनेमे काढायला लावले. आजच्या गोष्टीत चेहरा ताब्यात घ्यायच्या दोन पद्धती पाहिल्या. ती तिसरी.

तोवर काळजी घ्या, आणि हा एपिसोड त्या एका मित्राला पाठवा जो सिनेमात नेहमी हिरोच्या मित्राकडेच बघत बसतो.